नवं कुठं खाल्लंस?

वांगणीकडं जाणारा रस्ता जिथं डांबराची साथ सोडतो, तिथून उजवीकडं उतरलं की पाऊण तासात बेहडपाडा लागतो. बावीस घरांचा पाडा. त्यातलं हौशीचं घर शोधायला पूर्वी नाव विचारावं लागत नसे. ज्या अंगणात वाळलेलं पानही परवानगी काढून पडतं, ते तिचं. गेल्या माघापासून मात्र लोक सांगू लागले, ‘ते काय, मडमवालीचं घर.’ हौशीला हे नाव मनापासून आवडलं होतं. तोंडानं म्हणायची, ‘काय मेली लोकं, कायपण नाव ठेवतात,’ आणि म्हणताना पदर नीट करायची.

पन्नाशीची बाई, काटक, वेताच्या छडीसारखी. तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गप्पा मारायला आली तरी दाराशी उभी, हातात सुपली, आणि बोलता बोलता तुमच्याच घरचे तांदूळ पाखडून देऊन जायची. पण तिचा विळा मागा, मिळायचा नाही. तिचं तुरीचं बियाणं, तिची पाट्यावरची चटणी, तिच्या विहिरीवरचा दोर, सगळ्यामागं एकच शब्द, ‘माझं’. तिची कोंबडी एकदा शेजारच्या नवशीच्या गोठ्यात अंडं घालून आली, तर हौशी त्या कोंबडीशी दोन दिवस बोलली नाही.

अशा बाईच्या पडवीत जव्हारच्या एका संस्थेनं परदेशी पोरगी आणून ठेवली. एक वर्ष राहणार, पाड्यातल्या बायकांबरोबर परसबागा लावणार, अंगणवाडीतल्या पोरांची वजनं करणार, पगार न घेता. नॉर्वे नावाच्या देशातली. तिथं म्हणे थंडीत सूर्य दोन-दोन महिने तोंडच दाखवत नाही. हौशीचा नवरा देवजी तंबाखू मळत म्हणाला, “म्हणून एवढी पांढरी. उन्हाशिवाय वाढलेल्या कोंबासारखी.”

पहिल्या दिवशी सगळा पाडा अंगणात गोळा झाला. हौशीनं विचारलं, “नाव काय गं तुझं, बायो?”

पोरगी हसून म्हणाली, “मारेन.”

“आगं, पण कुणाला?” देवजी म्हणाला.

“मी मारेन,” तिनं छातीवर हात ठेवून परत सांगितलं, आणि पुढं बसलेली दोन पोरं उठून पळाली. संस्थेच्या माणसानं मग समजावलं, की बाबांनो, तिच्या भाषेत ते नाव आहे, ती कुणाला मारत नाही. हौशी म्हणाली, “असलं नाव माझ्या घरात चालायचं नाय. वार कुठला आज? शुक्रवार. मंग शुकरी.” ती शुकरी झाली. शुक्रवारी जन्मलेल्या पोरीचं नाव शुकरी ठेवतात. हौशीच्या हिशेबी ती त्या दिवशी, तिच्या अंगणात, जन्मली.

आठ महिन्यांत हौशीनं तिला काय नाही शिकवलं! नागली कशी भरडायची, सुपात खडे एका कडेला कसे यावेत, बांधावरून चालताना पाय कसा आडवा टाकायचा. आवणीच्या दिवसांत शुकरी चिखलात गुडघाभर उभी राहून रोपं लावत होती, तेव्हा शेजारच्या खाचरातून नवशी ओरडली, “हौशे, तुझ्या मडमीची ओळ तुझ्या सुनंपक्षा सरळ हाय गं!” सून जयश्रीनं मान खाली घातली. हौशीनं मात्र त्या दिवशी शुकरीला भाकरीवर दोन वेळा तेल वाढलं. शुकरी तिला ‘आये’ म्हणायची. पाड्यातल्या इतर बायकांना ‘काकू’, ‘ताई’. ‘आये’ एकटीला. हौशीनं हे मोजून ठेवलं होतं.

भाताची कापणी जवळ आली तेव्हा एका सकाळी शुकरी अंगणात येऊन म्हणाली, “आये, मला सुट्टी आहे.”

हौशी खळं सारवत होती. हात तसेच शेणात. “कोण मेलं?”

“कोणी नाही मेलं. सुट्टी. संस्थेचा नियम आहे. आठ महिने काम, मग पंधरा दिवस काम नाही. आणि कामाच्या गावात राहायचं नाही.”

“गावात नाय राहायचं? घालवतात काय तुला?”

“नाही गं! आराम. डोक्याला.”

हौशीनं विचार केला. आराम करायचा तर माणूस दुखणाईत हवं, नाहीतर म्हातारं. मग तिला एक गोष्ट आठवली आणि तिचं समाधान झालं. “म्हंजे आवणी झाल्यावर बैल रानात सोडतात, तसं?”

“हो, हो! मी बैल,” शुकरी आनंदानं म्हणाली.

जयश्रीला बाहेरची माहिती होती, नवऱ्याबरोबर चार हंगाम वसईकडं वीटभट्टीवर काढले होते तिनं. “गोव्याला जातात गोऱ्या लोका,” ती म्हणाली. “दर्यात पडून राहतात. उन्हात.”

हौशीला गोवा चालला असता. गोव्यात शुकरीला पोरगी म्हणणारं कोण होतं? दर्या काही कुणाची वेणी घालत नाही. तिनं मनातल्या मनात डबाही भरला, नागलीच्या चार भाकऱ्या, लसणाची चटणी. आणि मग शुकरी म्हणाली, “गोवा नाही. मी गोजामावशीकडं जाते. मोखाड्याला.”

हौशीच्या हातातला शेणाचा गोळा खळ्यावर पडला तो पसरायचं ती विसरली.

गोजाबाई हौशीची धाकटी बहीण. मोखाड्याच्या वर, सूर्यमाळेच्या अंगाला करवंदपाड्यात दिलेली. भादव्यात दोन दिवस बहिणीकडं येऊन गेली होती. त्या दोन दिवसांत तिनं एक काडी इकडची तिकडं केली नाही. पडवीत पाय पसरून बसली, शुकरीला गाणी म्हणून दाखवली, हसली, हसवलं. शुकरी पोट धरधरून हसत होती आणि हौशी मागल्या दारी दोघींची भांडी घासत होती. लहानपणापासूनचं हे असंच. पाणी आणायचं हौशीनं, लाकडं फोडायची हौशीनं, आणि आईनं संध्याकाळी मांडीवर डोकं घ्यायचं ते गोजाचं. आई शेवटची तीन वर्षं राहिलीसुद्धा गोजाकडं. हौशीनं दहादा बोलावलं. म्हातारी म्हणायची, “तुझ्याकडं आलं की मला काम आठवतं गं. गोजीकडं बरं वाटतं.” आई गेली तेव्हा हौशी पोचेपर्यंत तिला झाकून ठेवलं होतं.

“गोजीकडं काय हाय?” हौशीनं विचारलं.

शुकरीनं शब्द शोधले. तिची मराठी पुस्तकातून आलेली आणि मग बेहडपाड्यात मळलेली. “काही नाही. तेच छान. तिथं काही काम नाही.”

याहून वाईट ती काही बोलूच शकली नसती.

हौशीनं शेण परत उचललं. सारवता सारवता, वर न बघता म्हणाली, “नव्याला येशील ना?”

शुकरीला नवं म्हणजे काय ते सांगून झालं होतं. तरी हौशीनं परत सांगितलं, शब्द तोडून तोडून. नवा भात घरात आला की असाच खायचा नाही. आधी घरातलं सगळं माणूस गोळा झालं पाहिजे. मग घरची बाई तो कांडते, शिजवते, पळसाच्या पानावर पहिला घास कणसरीला, धान्याच्या देवीला. दुसरा वाडवडिलांना. मग बाई आपल्या हातानं एकेकाला भरवते. त्या वर्षापुरतं ते माणूस त्या चुलीचं. मुलगा मंगेश एका वर्षी भट्टीवर अडकला, तर त्याच्यासाठी घरानं अठरा दिवस रेशनच्या तांदळावर काढले होते. यंदा हौशीनं दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस धरली होती. पाड्यात कोण पोरगी सासरी नांदते नि कोण नाही, हे आडून विचारायचं असलं तरी लोक तिला एवढंच विचारतात, ‘काय गं, यंदा नवं कुठं खाल्लंस?’

“मी कुठं खाणार?” शुकरी म्हणाली. “इथं. वाघबारशीच्या आधी दोन दिवस येते. शपथ.” आणि गळ्याला चिमटा घेतला. हे तिला जयश्रीनं शिकवलं होतं.

शुकरी गेली. देवजी तिला रस्त्यापर्यंत सोडून आला. हौशी गेली नाही. हळवं भात, लवकर येणारं, पिकून आडवं व्हायला लागलं होतं, कापणी कुणाची वाट बघते?

तीन दिवसांनी जयश्रीच्या फोनवर फोटो आला. शुकरी दगडावर आडवी झोपलेली, पाय ओढ्यात. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

“झोपलीय,” जयश्री म्हणाली.

“दिसतं मला. दुपारची?”

“दुपारचीच. सावली बघा ना दगडाची.”

“माझ्याकडं पोरगी कवा दुपारी झोपली नाय,” हौशी म्हणाली. अभिमानानं सुरू केलेलं हे वाक्य शेवटाला जाईपर्यंत तिला कसंतरीच वाटलं.

दुसरा फोटो आला त्यात गोजा शुकरीच्या केसांना तेल लावत होती. ते गवताच्या रंगाचे केस तेलानं चप्प बसलेले, मध्ये भांग, दोन वेण्या. हौशीनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “भांग वाकडा काढलाय,” ती म्हणाली. आठ महिन्यांत आपण एकदाही पोरीच्या केसाला हात लावला नाही, हे तिला तेव्हा सुचलं. वेळ कुठं होता?

विहिरीवर नवशी टपलेलीच असायची. “काय गं हौशे, मडम कुठं हाय?”

“सुट्टीवर.”

“तुझ्यापासून?”

बायका हसल्या. हौशीनं हंडा असा उचलला की अर्धं पाणी तिच्याच अंगावर आलं. “बैलाला पण सोडतात,” ती म्हणाली, “येतो परत दावणीला.”

“वरच्या माळाला गवत गोड असतं पण,” नवशी म्हणाली.

घरी हळव्या भाताची झोडणी झाली. कणगी भरली. कोवळ्या तांदळाचा वास घरभर, आणि घर रेशनचा भात आणि नागलीची भाकरी खात होतं. देवजी कणगीशेजारून जाताना मुद्दाम मोठ्यानं श्वास घ्यायचा. “वाघबारस कवा हाय गं?” असं दिवसाआड विचारायचा, जणू त्याला ठाऊक नव्हतं. मंगेश म्हणाला, “आये, बोलाव तिला आधी.” हौशी म्हणाली, “दिवस दिलाय तिनं. माझी पोरगी दिवस चुकत नाय.”

शुकरी जाऊन दहा दिवस झाले, त्या दुपारी फोन वाजला. या वेळी फोटो नव्हता, आवाज होता. जयश्रीनं फोन खाटेवर ठेवला आणि बोट लावलं. मागं भांड्यांचा आवाज, गोजाचं खळाळून हसणं, आणि शुकरीचा खुशीत फुटलेला गळा:

“आये! आज मी गोजामावशीच्या हातानं नवं खाल्लं! खूप नवं! खूप छान होतं, आये!”

मग गोजाचा आवाज, लांबून, “सांग तुझ्या आयेला, बोटं चाटली म्हणून!” आणि परत हसणं.

“परत लाव,” हौशी म्हणाली.

जयश्रीनं परत लावलं.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकताना हौशीला गोजाचं हसणं आधी ऐकू आलं, शब्द मागाहून. आईच्या मांडीवर डोकं ठेवून चुलीशी लाकडं फुंकणाऱ्या हौशीकडं बघणारी गोजा तिला दिसली, सहा वर्षांची, झंपर फाटलेली, तोंडात बोट. हौशी उठली, कणगीकडं गेली, टोपली भरली आणि भात उखळात ओतला.

“काय करतेस?” देवजी उठून बसला.

“नवं.”

“आगं, पोरगी येणार हाय! दोन दिवस राहिलेत.”

“ती खाऊन बसली. तिची चूल ठरली. आपण कुणाची वाट बघायची?” मुसळ एकदा खाली गेलं. “माझ्या घरातली सगळी माणसं घरात हायत.” मुसळ परत खाली गेलं.

जयश्री हळूच म्हणाली, “तिला फोन लावून विचारू का एकदा?”

“काय विचारतेस? किती घास खाल्ले ते?”

भात शिजला. कणसरीला पान ठेवलं, वाडवडिलांना ठेवलं. हौशीनं देवजीला भरवलं, मंगेशला भरवलं, जयश्रीला भरवलं. हात जोरात पुढं जात होता. मंगेशच्या दाताला तिचं बोट लागलं. शेवटचा घास तिनं स्वतः घेतला. नवा तांदूळ तोच, वास तोच, पण तो घास गळ्यात अडकून राहिला आणि तिला वरून पाणी प्यावं लागलं. नव्याच्या घासावर पाणी पीत नाहीत. देवजीनं पाहिलं आणि मान फिरवली.

दोन दिवसांनी, दिलेल्या दिवशी, ऊन चढायच्या आत शुकरी उतारावरून येताना दिसली. दोन वेण्या, उन्हानं लाल झालेलं नाक. जरा वाळलेली. अंगणात पिशवी टाकून ओरडली, “आये! भूक! मला फार भूक आहे!”

“तिकडं खायला घालत नव्हती काय?” हौशी म्हणाली. हात सुपात, नजर सुपात.

“भाकरी. फक्त नागलीची भाकरी. बारा दिवस!” शुकरी हसत होती. “गोजामावशी रोज भात वाढायची, मी नाही म्हणायचे. तिचा जुना भात होता, तरी नाही. मला भीती, कोणता जुना, कोणता नवा, मला कसं कळणार? मी म्हटलं, भात घरी जाऊन. आधी आयेच्या हातानं.”

सूप थांबलं.

“तू नवं खाल्लंस ना?” हौशी म्हणाली. “फोनवर बोललीस. गोजीच्या हातानं.”

“हो! खेकडा!” शुकरीचे डोळे चमकले. “ओढ्यातला खेकडा. मी कधीच खाल्ला नव्हता. तू नाही देत, म्हणतेस गळ्यात टोचेल. नवं. पहिल्यांदा. नवा भात, नवी साडी, नवं... काय, चूक आहे? खेकडा नवा?”

जयश्रीनं तोंडावर पदर घेतला. देवजी उठून गोठ्याकडं गेला. गोठ्यात तेव्हा एकही जनावर नव्हतं.

शुकरी हात-पाय धुवून आली, धुतलेले कपडे घातले, आणि चुलीपुढं पाटावर मांडी घालून बसली. “आज नवं? का वाघबारशीला?”

आता काय करायचं? पोरीला काय कळणार होतं! तांदूळ कणगीत होता, पळसाची पानं दारात होती. परत शिजवायचा, परत पान मांडायचं, परत भरवायचं. घरातली माणसं गप्प बसली असती. हौशीनं टोप चुलीवर चढवलाही. आधण आलं. तांदूळ मुठीत घेतला. पण दोन दिवसांपूर्वीच ‘माझ्या घरातली सगळी माणसं घरात हायत’ म्हणून तिनं कणसरीला पान ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं एक माणूस राहिलं होतं म्हणायचं? आणि शुकरी तोंड वर करून बसली होती, पाखरासारखी.

हौशीनं मूठ सुपात मोकळी केली.

“खाल्लं आमी,” ती म्हणाली.

“काय?”

“नवं. परवा. तुझ्याबगर.”

शुकरीला पहिल्यांदा शब्द कळले नाहीत असं वाटलं. मग कळले. नाक आणखी लाल झालं. “पण मी दिवस सांगितला होता,” ती म्हणाली. “मी शपथ घेतली होती.”

“मला वाटलं, तू तिकडं...”

“तू विचारलं का नाही?”

हौशी सुपातले दाणे उगाच सारखे करू लागली. शुकरी उठली, पडवीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दाराला कडी आहे हे हौशीला त्या दिवशी कळलं. आठ महिन्यांत ती कधी लागली नव्हती.

संध्याकाळी देवजी म्हणाला, “नवं दोनदा होत नाय. आता पोर या वर्षी बिनचुलीची.”

“गप बसा.”

“मी काय बोललो? हाय ते बोललो. ज्याच्या घरी अजून खाल्लं नसंल, त्यानं बोलावलं तर गोष्ट येगळी. पण पाड्यात सगळ्यांचं झालं.”

हौशी उभी होती ती बसली. खरंच बसली, उंबऱ्यावर. जयश्रीनं मंगेशला डोळ्यानं दाखवलं. मग हौशी म्हणाली, “गोजीचं भात गरवं असतंय. वरच्या माळाला. उशिरा निघतंय.”

शुकरीनं दार लावून घेतलं होतं, पण पडवीची भिंत कुडाची.

आतून आवाज आला, “तिचं नवं वाघबारशीला आहे. ती मला म्हणत होती, राहा. मी म्हटलं, नाही. माझं तिकडं आहे.”

वाघबारशीच्या सकाळी दोघी निघाल्या. पाऊण तास चालून रस्ता, तिथून एसटीनं जव्हार, जव्हारहून जीपनं मोखाडा. जीपमध्ये दहा-बारा माणसं, शुकरी खिडकीशी, हौशी तिच्याशेजारी मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत काकडी होती, वाल होते, तांदूळ नव्हता. दुसऱ्या चुलीच्या नव्याला आपला तांदूळ चालत नाही. मोखाडा येईपर्यंत शुकरी एक शब्द बोलली नाही. करवंदपाड्याच्या चढाला लागल्यावर हौशी धापा टाकायला लागली तेव्हा शुकरीनं टोपली काढून आपल्या डोक्यावर घेतली, इतकंच.

गोजा अंगणात बसलेली होती. अर्थातच बसलेली. दोघींना पाहून तिनं डोळ्यावर हात धरला. “बाय? तू? काय झालं गं? कामं संपली काय जगातली?”

हौशीनं सगळं उभ्यानंच सांगितलं, एका दमात, खेकड्यासकट. तिला वाटलं होतं गोजा हसेल. ती तयारी करून आली होती, हसली की टोपली टाकायची आणि उलट्या पावली फिरायचं. गोजा हसली नाही. “बाय, मी तिला खेकडा घातला तो तुला चिडवायला,” ती म्हणाली. “बोटं चाटली म्हणून सांग, हे पण. तू फोन करून चार शिव्या देशील म्हणून. वर्षात तुझा एक फोन येत नाय.”

“मला फोन लावता येत नाय,” हौशी म्हणाली.

“सुनंला येतो.”

“माझं सोड. पोरीला भरवतेस का नाय?”

“मी काय नको म्हणणार हाय? ये गं मारेन.” गोजा तिला मारेनच म्हणायची, बिनधास्त.

“शुकरी,” हौशी म्हणाली. “नाव शुकरी हाय तिचं.”

गोजानं नवा भात कांडला. हौशीला मुसळाला हात लावता येत नव्हता, पाहुणी होती ती. गोजा कांडते ती रीत तिला बघवत नव्हती, चार घाव आणि गप्पा, चार घाव आणि गप्पा. पण चूल पेटेना. लाकडं ओली. गोजा फुंकून फुंकून थकली, डोळे चोळत मागं सरकली. हौशी पुढं झाली. कुणाला विचारलं नाही. लाकडं उपसली, परत रचली, खाली वाळकं पातेरं सारलं, आडवी होऊन गाल जमिनीला लावला आणि एक लांब फुंकर मारली. जाळ भसकन वर आला. तिथंच, चुलीच्या बाजूला, भात होईपर्यंत ती लाकडं आत सारत बसून राहिली.

गोजानं पान मांडलं. नवऱ्याला भरवलं, पोराला भरवलं, मग शुकरीपुढं बसली. शुकरीनं आधी हौशीकडं पाहिलं. हौशी चुलीकडं बघत होती. गोजाच्या हातातला घास शुकरीच्या तोंडात गेला तेव्हा हौशीला तो न बघताच कळला, पाठीमागून वारा लागावा तसा. तिनं एक लाकूड उगाच आत सारलं.

“कसा झालाय?” गोजानं विचारलं.

“छान. खूप छान,” शुकरी तोंड भरून म्हणाली.

“जरा चिकट झालाय,” हौशी म्हणाली. “वासावरून कळतंय.”

हौशीचं नवं होऊन गेलेलं, म्हणून तिला गोजानं नागलीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं. ती नको म्हणाली, मग खाल्लं. दोन वेळा घेतलं. बोटं चाटली का, ते गोजानं विचारलं नाही.

दुपारी शुकरी ओट्यावर आडवी झाली. सुट्टीचा एक दिवस अजून उरला होता. झोपेत सरकत सरकत तिचं डोकं हौशीच्या मांडीला लागलं. हौशीला उठायचं होतं, भांडी पडली होती, गोजा काही घासणार नव्हती. ती तशीच बसून राहिली, पाय बधिर होईपर्यंत. मग हळूच हात उचलून तिनं त्या तेलकट केसांतला भांग सरळ केला.

दुसऱ्या दिवशी बेहडपाड्याच्या विहिरीवर नवशी टपलेलीच होती. शुकरी दोर सोडत होती, हौशी हंडा घासत होती.

“आली का दावणीला?” नवशी म्हणाली. “काय गं शुकरे, यंदा नवं कुठं खाल्लंस?”

बायकांनी कान टवकारले. पाड्याला सगळं कळलेलं होतं.

शुकरीला खोटं येत नव्हतं, मराठीत तर मुळीच नाही. “गोजामावशीकडं,” ती म्हणाली. “करवंदपाड्याला.”

हौशीनं हंडा जोरात आपटला.

“चूल मी पेटवली व्हती,” ती म्हणाली.